सहा सिनेमे, एक आठवडा: परीक्षण कसं लिहायचं आणि स्टार कधी द्यायचे

सिनेमा संपला की पहिला प्रश्न येतो, "किती स्टार?" परीक्षण लिहायला नव्याने लागलेले बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि इथेच अडकतात. आकडा आधी ठरला की पुढचं सगळं लिखाण त्याची वकिली करत बसतं. चार दिले म्हणून चांगलं शोधायचं, दोन दिले म्हणून खोट काढायची. त्यात आठवड्याभरात वेगवेगळ्या जातकुळीचे सिनेमे पाहिले असतील तर गोंधळ आणखी वाढतो. १९३७ सालचा कृष्णधवल मराठी सिनेमा, १९८८ ची विनोदी धमाल आणि २०१८ चा भयपट एकाच पट्टीने मोजायचे तरी कसे?

मी जी पद्धत सांगणार आहे तिचं सूत्र साधं आहे. आधी एक प्रसंग नीट लिहा, मग मत लिहा, आणि स्टार सगळ्यात शेवटी, आठवडा संपल्यावर द्या. सोमवार ते शनिवार सहा सिनेमे आणि रविवार लिहायला, असा हिशोब धरला आहे. रोज एक जमत नसेल तर चार घ्या. पण ते एकमेकांपासून लांबचे असू द्या, कारण परीक्षण लिहायला शिकायचं असेल तर एकाच प्रकारचे सिनेमे पाहून भागत नाही.

पहिली पायरी: यादी आणि क्रम

उदाहरणासाठी मी ही यादी घेतो: व्ही. शांताराम यांचा 'कुंकू' (१९३७), सचिन पिळगावकर यांचा 'अशी ही बनवाबनवी' (१९८८), सिडनी लुमेट यांचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७), माजिद माजिदी यांचा इराणी 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७), राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) आणि चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट', जो २०१४ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि एप्रिल २०१५ मध्ये आपल्याकडे प्रदर्शित झाला.

क्रमाला महत्त्व आहे. आदल्या रात्रीचा सिनेमा दुसऱ्या दिवशीही डोक्यात असतोच. पेपर तपासणाऱ्या शिक्षकांना हे चांगलं ठाऊक असतं: गठ्ठ्यातल्या एका उत्कृष्ट पेपरानंतर आलेला बरा पेपरही कच्चा वाटतो. 'कोर्ट' पाहून लगेच दुसऱ्या दिवशी 'बनवाबनवी' लावलात तर तिच्यातला आरडाओरडा खटकेल, आणि उलट केलंत तर 'कोर्ट' संथ वाटेल. दोन्ही वेळी दोष सिनेमाचा नसतो. म्हणून दोन जड सिनेमे पाठोपाठ ठेवू नका. कामाच्या दिवशी, थकून घरी आल्यावर, छोटा सिनेमा लावा. 'चिल्ड्रन ऑफ हेवन' दीड तासाच्या आत संपतो, 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' ९६ मिनिटांचा आहे. हे दोन आठवड्याच्या मध्यावर सहज बसतात. ज्यात शांतता जास्त आहे आणि ज्याला तुमचं पूर्ण लक्ष लागतं, तो 'कोर्ट' शनिवारी ठेवा.

यादीत माहितीपट घ्यायचा असेल तर जरूर घ्या. कार्तिकी गोन्साल्विस यांचा 'द एलिफंट व्हिस्परर्स' (२०२२) चाळीसेक मिनिटांत मुदुमलाईच्या जंगलातल्या बोम्मन आणि बेल्ली या जोडप्याची आणि रघू नावाच्या हत्तीच्या पिल्लाची गोष्ट सांगतो. लांबी कमी आहे म्हणून स्टार कमी द्यायचे नसतात. जेवढं सांगायला घेतलं तेवढं पुरं सांगितलं का, एवढंच बघायचं.

दुसरी पायरी: पाहताना काय करायचं

पाहताना लिहू नका. वही मांडीवर घेतली की डोळे पडद्यावरून वहीकडे जातात आणि नेमका कट निसटतो. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. आधी कुणाचं परीक्षण वाचू नका, रेटिंगही बघू नका. ट्रेलर नाही पाहिला तर उत्तमच.

सबटायटल्स लावायची की डब केलेली आवृत्ती बघायची, याबद्दल माझं मत पक्कं आहे: परीक्षण लिहायचं असेल तर मूळ भाषा आणि सबटायटल्स. नटाचा निम्मा अभिनय आवाजात असतो. डब केलेल्या आवृत्तीवरून तुम्ही अभिनयाबद्दल लिहिलंत तर ते भलत्याच माणसाच्या आवाजाबद्दल असेल. आणि डबिंगच पाहिलं असेल तर परीक्षणात तसं नमूद करा.

तिसरी पायरी: त्याच रात्री पाच ओळी

शेवटची नावं पडद्यावर आल्यावर, पण झोपायच्या आत, पाच ओळी लिहा. सुंदर लिहायची गरज नाही.

१. कुठे पाहिला, कुणासोबत, कोणत्या भाषेत.
२. डोळ्यांसमोर राहिलेला एक प्रसंग, जसा दिसला तसा.
३. एक गोष्ट जी पटली नाही.
४. सिनेमा काय करायला निघाला होता, एका वाक्यात.
५. पेन्सिलने कच्चे स्टार.

यातली दुसरी ओळ सगळ्यात मोलाची आहे, आणि नवखे लोक तीच टाळतात. "अभिनय दमदार, छायाचित्रण नेत्रसुखद, संगीत श्रवणीय" असं लिहून मोकळे होतात. हे वाक्य कोणत्याही सिनेमाला चिकटवता येतं, म्हणून ते कोणत्याच सिनेमाबद्दल नसतं. त्याऐवजी 'चिल्ड्रन ऑफ हेवन' पाहिल्यावर वहीत असं काहीतरी यायला हवं:

"अली या मुलाच्या हातून बहिणीचे, झहराचे, बूट हरवले आहेत. आईवडील त्याच खोलीत आहेत, त्यामुळे मोठ्याने बोलता येत नाही. दोघं अभ्यास करतोय असं दाखवत वहीत एकमेकांना निरोप लिहितात. भांडण चाललंय, पण खोलीत आवाज नाही. पुढे झहरा शाळेत इतर मुलींच्या पायांकडे बघत राहते. भावाचे बूट तिला मोठे होतात. एक पायातून निसटून गटाराच्या पाण्यात पडतो आणि वाहत जातो, ती बाजूने धावत सुटते."

एवढं लिहिलंत की निम्मं परीक्षण झालं. दिग्दर्शकाने गरिबी संवादातून सांगितली नाही, मुलांना गप्प बसवून सांगितली, हे मत त्या प्रसंगातूनच निघतं. ते वेगळं सुचावं लागत नाही. आणि वाचणाऱ्याला तुमच्या मतावर विश्वास ठेवायला कारण मिळतं.

चौथ्या ओळीबद्दल थोडं. सिनेमा काय करायला निघाला होता हे ठरवल्याशिवाय तो जमला की फसला हे कळणार कसं? 'बनवाबनवी'ला वास्तवाशी देणंघेणं नाही. घरमालकिणीला जोडपीच भाडेकरू हवीत, म्हणून चार मित्रांपैकी दोघे बायका होतात. या खोट्याला पुढे किती गाठी मारता येतील हे बघणं हाच तिचा खेळ आहे. तिला "असं कुठे घडतं का?" विचारणं म्हणजे क्रिकेटच्या सामन्यात गोल का झाला नाही म्हणण्यासारखं आहे. तिला विचारायचा प्रश्न असा: गाठ प्रत्येक वेळी जरा जास्त आवळली जाते का, की तोच विनोद पुन्हा पुन्हा येतो?

चौथी पायरी: दुसऱ्या दिवशी सकाळी एक ओळ

सकाळी चहा घेताना, वही न उघडता, सिनेमातलं काय आठवतंय ते बघा आणि एक ओळ वाढवा. रात्री भारावून टाकणारा सिनेमा सकाळपर्यंत कितीदा तरी विरून जातो. आणि रात्री "ठीक होता" वाटलेल्या सिनेमातली एखादी फ्रेम दुपारपर्यंत पाठ सोडत नाही. हा फरक रेटिंग ठरवताना फार उपयोगी पडतो.

पाचवी पायरी: प्रत्येक जातीच्या सिनेमाला वेगळे प्रश्न

जुन्या सिनेमापासून सुरुवात करू. 'कुंकू'बद्दल लिहिताना "त्या काळाच्या मानाने चांगला" हे शब्द वापरू नका. ती शाबासकी वाटते, पण असते दया. शांता आपटे यांची नीरा, फसवून म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावून दिलेली तरुण मुलगी, त्या लग्नाला आपलं मानायला नकार देते. हा नकार आजही अंगावर येतो का, एवढं तपासा. माझ्या मते येतो. शिवाय या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही; घरातले आणि बाहेरचे आवाजच ते काम करतात. केशवराव दाते यांच्या काकासाहेबांच्या वयाची आठवण भिंतीवरचं घड्याळ करून देत राहतं. बोलपट येऊन जेमतेम काही वर्षं झालेली असताना आवाजाचा असा विचार करणारा दिग्दर्शक कुठल्याही सवलतीशिवाय दाद घेतो. मात्र प्रिंट खराब असेल, आवाज खरखरत असेल, तर त्याबद्दल स्टार कापू नका. तो दोष प्रतीचा आहे. "मी पाहिलेली प्रत अस्पष्ट होती" असं एक वाक्य पुरे.

विनोदी सिनेमावर लिहिणं सगळ्यात अवघड, कारण हसू आलं किंवा नाही आलं, पुढे बोलायचं काय? टायमिंगबद्दल बोला. 'बनवाबनवी'त अशोक सराफ समोरच्याचं वाक्य संपल्यावर किती थांबतात, लक्ष्मीकांत बेर्डे साडी सांभाळता सांभाळता आवाज कधी चढवतात, सुधीर जोशी यांचा आधीचा घरमालक नुसता दारात उभा राहूनही कसा हसवतो, हे लक्ष देऊन बघा. विनोदी सिनेमातलं न पटलेलंही लिहा. या सिनेमातल्या तरुणींना जोड्या जुळवण्यापलीकडे फारसं काम नाही, हे माझ्या वहीत तिसऱ्या ओळीत आहे. आवडत्या सिनेमाबद्दल असं लिहिताना हात अडखळतो, पण लिहावं. हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून तो बेतला आहे, हेही सांगावं. रूपांतर असणं हा दोष नाही. त्यात नवं काय आणलं ते बघायचं.

भयपटाला विचारायचं की भीती कशाची होती. 'तुंबाड'मध्ये भूत उशिरा येतं. आधी पाऊस येतो. खऱ्या पावसात, अनेक पावसाळ्यांत चित्रीकरण केल्यामुळे तो ओलावा भिंतींत, कपड्यांत, माणसांच्या चेहऱ्यांत मुरलेला दिसतो. आणि खजिन्यासाठी पिठाची बाहुली घेऊन राक्षसाच्या विहिरीत उतरणारा नायक विनायक आपल्याला का घाबरवतो? कारण तो पुन्हा उतरणार हे आपल्याला कळलेलं असतं. भीती राक्षसाची कमी, हावेची जास्त. हे सांगता आलं तर भयपटाचं परीक्षण जमलं. माझी तक्रार एवढीच की विनायकच्या बायकोच्या वाट्याला फारच थोडं आलं आहे.

आता दोन खटल्यांचे सिनेमे. हे दोन एकाच आठवड्यात मुद्दाम ठेवले आहेत, कारण शेजारी ठेवल्यावर दोन्ही जास्त स्पष्ट दिसतात.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन'मध्ये बापाच्या खुनाचा आरोप असलेल्या मुलाचं भवितव्य ठरवायला बारा ज्युरी एका खोलीत बसतात. पहिल्या मतदानात अकरा जण दोषी म्हणतात, हेन्री फोंडा यांनी साकारलेला ज्युरी एकटा नाही म्हणतो. जवळजवळ सगळा सिनेमा त्या एका खोलीत घडतो. तरी कंटाळा का येत नाही? लुमेट यांनी सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवला, हळूहळू खाली आणला आणि शेवटाकडे पातळीच्या खाली नेला. बरोबरीने लेन्सचं फोकल अंतर वाढवत नेलं, त्यामुळे भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात. शेवटच्या भागात छत दिसू लागतं. खोली तेवढीच राहते, आपला श्वास कोंडत जातो. पहिल्यांदा पाहताना हे कळत नाही, आणि कळू नये अशीच ती युक्ती आहे. दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा पहिली दहा मिनिटं आणि शेवटची दहा मिनिटं लागोपाठ लावून बघा.

'कोर्ट'चा कॅमेरा मात्र बहुतेक वेळ जागचा हलत नाही. वीरा साथीदार यांनी साकारलेले शाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप आहे की त्यांच्या गाण्यामुळे एका गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली. कॅमेरा लांब उभा राहून खोली बघतो. फायली, पंखे, वाट बघणारी माणसं. सरकारी वकील बाई (गीतांजली कुलकर्णी) कायद्यातले उतारे सुरात न चढता न उतरता वाचून दाखवतात. मग सिनेमा त्यांच्यामागे लोकलमध्ये जातो, घरी जातो, स्वयंपाक बघतो. त्या वाईट नाहीत. आपलं काम करतात, घरी येतात. भीती वाटते ती त्यामुळेच.

हे दोन शेजारी ठेवून मी वहीत लिहिलं होतं: एका सिनेमात माणसं बोलत राहिली तर सत्याकडे जातात, दुसऱ्यात बोलत राहिली तर पुढच्या तारखेकडे. एकाने दुसऱ्याला खोटं पाडलं असं मी म्हणणार नाही. पण 'कोर्ट' पाहिल्यावर लुमेट यांच्या खोलीतली आशा किती जपून उभी केली आहे ते जाणवतं. आठवड्याभराचे सिनेमे एकत्र पाहण्याचा खरा फायदा हा आहे, आणि तुमच्या लिखाणात अशी एक तरी तुलना यायला हवी. मात्र तुलना समजण्यासाठी करा, एकाचे स्टार दुसऱ्यावरून ठरवण्यासाठी नको.

सहावी पायरी: स्वतःची पट्टी

वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे वेगवेगळं सांगतात, हे आधी ध्यानात घ्या. सिनेमांना गुण देण्याच्या संकेतस्थळांपैकी लेटरबॉक्सडवर अर्ध्यापासून पाच स्टारपर्यंत देता येतात, आयएमडीबीवर एक ते दहा. रॉटन टोमॅटोजवरची समीक्षकांची टक्केवारी तर गुणच नव्हे. किती टक्के समीक्षकांचं मत अनुकूल आहे, एवढंच ती सांगते. सगळ्यांनीच "बरा आहे" म्हटलेल्या सिनेमाला तिथे शंभर टक्के मिळू शकतात. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट चारपैकी स्टार देत आणि ते सापेक्ष असतात असं उघड म्हणत: सुपरहिरोच्या सिनेमाची तुलना सुपरहिरोच्याच सिनेमाशी करायची. मला हे बरंचसं पटतं. फक्त पाच स्टारांच्या बाबतीत पटत नाही. तिथे सिनेमाने आपल्या जातीच्या बाहेरही उभं राहायला हवं.

तुमची पट्टी शब्दांत लिहून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. माझी अशी आहे:

तीन म्हणजे जे करायला निघाला ते केलं, पाहिल्याचं समाधान आहे. इथून सुरुवात करायची आणि कारण असेल तरच वर किंवा खाली सरकायचं. चार म्हणजे दुसऱ्या दिवशीही सोबत राहिला आणि मी तो ओळखीच्यांना सांगेन. पाच म्हणजे पुन्हा पाहीन, आणि पुन्हा पाहताना नवं सापडेल याची खात्री आहे. दोन म्हणजे हेतू दिसतो पण हाताला लागत नाही. एक म्हणजे हेतूच दिसत नाही, किंवा दिसतो तो प्रेक्षकाला फसवण्याचा.

अर्धा स्टार शंकेसाठी वापरू नका. "साडेतीन की चार कळेना, म्हणून साडेतीन" हे चालणार नाही. अर्ध्याचं कारण एका वाक्यात सांगता यायला हवं. आणि "सिनेमा किती चांगला" आणि "मला किती आवडला" असे दोन वेगळे आकडे देण्याची पळवाट शोधू नका. आकडा एकच द्या, त्यातला ताण वाक्यात मांडा.

सातवी पायरी: रविवारी आकडे पक्के करा

सगळी पानं समोर ठेवा. पेन्सिलचे स्टार झाका, नोंदी वाचा, नवे स्टार लिहा, मग दोन्ही ताडून बघा. जिथे फरक पडला तिथे थांबा, कारण परीक्षणाचा सर्वात जिवंत भाग तिथेच असतो. माझे पक्के आकडे असे: 'कोर्ट' पाच, 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' पाच, 'कुंकू' साडेचार, 'चिल्ड्रन ऑफ हेवन' साडेचार, 'बनवाबनवी' चार, 'तुंबाड' चार. 'तुंबाड'ला रात्री साडेचार होते. सकाळी दृश्यं लख्ख आठवत होती, पण माणसांत विनायकशिवाय कुणी फारसं उरलं नव्हतं, म्हणून अर्धा गेला. तुमचे आकडे वेगळे येतील. ते यायलाच हवेत. माझ्याशी जुळवत बसू नका.

आठवी पायरी: आता लिहा

नवख्यांसाठी दीडशे ते दोनशे शब्द योग्य. सुरुवात त्या प्रसंगाने करा, "हा सिनेमा अमुक साली आला" अशाने नको. कथा तीन वाक्यांपेक्षा जास्त सांगू नका, आणि पहिल्या अर्ध्या तासाच्या पुढची तर सांगूच नका. पुढचं सांगणं भागच असेल तर आधी ठळक इशारा द्या. मग तुमचं मत, मग न पटलेली गोष्ट, मग हा सिनेमा कुणी आणि कशा परिस्थितीत बघावा, म्हणजे लहान मुलांसोबत चालेल का, मोठ्या पडद्याची गरज आहे का. स्टार शेवटी.

सिनेमा आवडला नाही तर कामावर टीका करा, माणसावर नको. नटाच्या दिसण्यावर, वयावर शेरे नकोत. "दुसऱ्या भागात तोच प्रसंग पुन्हा येतो आणि काही नवं कळत नाही" हे वाक्य "बकवास" या एका शब्दापेक्षा कितीतरी जास्त लागतं, आणि वाचणाऱ्याच्या उपयोगाचंही असतं.

लिहून झालं की मोठ्याने वाचा. जे वाक्य दुसऱ्या कुठल्याही सिनेमाच्या परीक्षणात जसंच्या तसं बसेल ते खोडा. उरतं ते थोडं असेल, पण तुमचं असेल. नंतरच इतरांची परीक्षणं वाचायला घ्या. त्यांना दिसलेलं तुम्हाला दिसलं नसेल तर तो भाग पुन्हा लावून बघा. काही काळाने सिनेमा दुसऱ्यांदा पाहिलात आणि मत बदललं, तर जुना आकडा खोडू नका. त्याच्या शेजारी नवा आकडा, तारीख आणि बदललेल्या मताचं कारण लिहा.